मालव्याची रात्र आणि डोक्यावरचा स्लॅब

सकाळ पाहावी बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र मालव्याची, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. ‘शब-ए-मालवा’ हे शब्द उच्चारताना इंदूर-उज्जैन-देवासच्या मराठी घरांतील वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर अजूनही घरचा दागिना दाखवावा तसा भाव उमटतो. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या या पठारावर मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरीने ४० अंशांच्या आसपास जाते, परंतु पहाटेपर्यंत ते २५ च्या आसपास उतरते. दिवसाने तापवावे आणि रात्रीने निववावे, असा हा निसर्गाचा जुना करार आहे. शहर पसरले, डांबर आणि सिमेंट वाढले, तशी ही रात्र पूर्वीइतकी थंड राहिली नाही हे खरे. तरी ती अजून येते.

ती येते, पण घरात येत नाही. आमच्या आजच्या लेखाचा विषय एवढाच आहे.

गेल्या उन्हाळ्यात शहराच्या कडेला असलेल्या एका चार मजली वसाहतीत आम्ही रात्री अकराच्या सुमारास जाऊन बसलो होतो. सर्वांत वरच्या मजल्यावर दोन लहान खोल्यांत आमच्या परिचयातील एक मावशी, त्यांचा मुलगा, सून आणि नातू राहतात. रामबागेतील भाड्याच्या जुन्या घरात आयुष्य काढून मावशींनी उतारवयात हे स्वतःचे घर पाहिले. जिना चढताना वारा चांगला सुखद लागत होता. दार उघडले आणि आतून जणू चुलीपुढची हवा अंगावर आली. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि वरची ऊष्ण हवा खाली ढकलण्याचे काम इमानेइतबारे करीत होता.

“भाऊ, वर हात लावून पाहा,” मावशी म्हणाल्या. आम्ही स्टुलावर चढून छताला तळवा टेकवला. नुकतीच इस्त्री केलेली चादर हातात घ्यावी तसे ते लागले. सूर्य मावळून चार तास होऊन गेले होते.

“पक्कं घर पाहिजे, पक्कं घर पाहिजे, असं सगळी उमर म्हणत होते. मिळालं हो पक्कं! इतकं पक्कं की ऊनसुद्धा यातून बाहेर निघत नाही.”

मावशींचा विनोद आम्हांला घरी आल्यावरही सोडीना. याचे शास्त्र काय, हे समजून घेण्याचा आम्ही यत्न केला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपले इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. त्यामुळे जूनच्या आरंभी आणि पुन्हा जुलैच्या आरंभी माध्यान्हीचा सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो. मे-जूनच्या स्वच्छ दुपारी छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट इतकी उष्णता कोसळत असते, म्हणजे दर चौरस मीटरला एक लहानशी विजेची शेगडी. याच दिवसांत दक्षिणेकडील भिंतीला थेट ऊन जवळजवळ लागत नाही. पूर्वेच्या भिंतीला सकाळी आणि पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर लागते. पण साऱ्या दिवसाचा हिशेब केला तर आडव्या छतावर पडणारी उष्णता अशा एखाद्या भिंतीवर पडणाऱ्या उष्णतेच्या दुपटीहून अधिक भरते. तेव्हा उन्हाळ्यातील घर म्हणजे मुख्यतः छत. भिंतींचा क्रम त्यानंतर लागतो, आणि त्यांतही आधी पश्चिमेचा.

आता हे छत कशाचे आहे ते पाहावे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घरासाठी ३० चौरस मीटरपर्यंतचे चटईक्षेत्र धरण्यात आले होते. तेवढ्या घरावर बारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब घातला, तर त्याचे वजन साडेआठ टनांच्या घरात जाते. त्याच घरात कोंडलेली सगळी हवा वजन केली तर जेमतेम शंभर किलो भरेल. साडेआठ टनांचा दगड दिवसभर तापला आणि खाली शंभर किलो हवा आहे; रात्री खिडकी उघडून ती हवा क्षणभर बदलली, तरी तो दगड पुढच्या काही मिनिटांत नव्या हवेलाही आपल्यासारखीच करून टाकतो. शिवाय आपल्या शरीराला केवळ हवेचीच उष्णता जाणवते असे नाही. भोवतीच्या भिंती आणि छत यांतून किरणांच्या रूपाने येणारी उष्णताही जवळजवळ तितकीच जाणवते. होळीपासून चार हात दूर उभे राहिले तरी चेहरा भाजतो, तसेच हे. म्हणून भिंतीवरचा तापमापक फार वाढलेला दिसत नाही आणि तरीही अंथरुणावरचा माणूस कूस बदलत राहतो.

यात आणखी एक खोच आहे. स्लॅबच्या वरच्या अंगाला लागलेले ऊन खालच्या अंगाला पोहोचण्यास तीन-चार तास लागतात. दुपारी एक-दोनला वरून सर्वांत तापलेले छत आतून सायंकाळी पाच-सहाला सर्वांत तापते, म्हणजे मुले शाळेतून आणि माणसे कामावरून परत येण्याच्या वेळी. आणि मग मध्यरात्र उलटून जाईपर्यंत सावकाश निवत राहते. पत्र्याचे घर याच्या नेमके उलट. पत्रा पातळ, तो उन्हाबरोबर तापतो आणि उन्हाबरोबर निवतो. पत्र्याखालची दुपार असह्य, पण रात्र बरी. विड्या वळणारी, शिवणयंत्र चालवणारी, पापड लाटणारी बाई पत्र्याखाली आपला कामाचा दिवस गमावते आणि स्लॅबखाली आपली झोप. गरीब घराला या दोहोंतून एक निवडावे लागते, आणि सरकारी योजनांत ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असे दोनच रकाने असल्यामुळे ही निवड कोणी विचारीतही नाही.

मग जुनी घरे काय वाईट होती, असा प्रश्न या ठिकाणी आमच्या ज्येष्ठ वाचकांच्या ओठांवर येणार हे आम्ही जाणून आहोत. वाईट नव्हती. मराठवाड्यातील माळवद, खानदेशातील धाब्याचे घर, आपल्या मालव्यातील कवेलूंचे छप्पर, या सर्वांना उन्हाचे मर्म कळले होते. माळवदावरचा मातीचा जाड थर आणि त्यावरची पांढरी माती ऊन परतवीत आणि अडवीत असे. कवेलूंच्या सांध्यांतून वर साचलेली गरम हवा आपोआप निघून जाई. वाड्यातला चौक रात्री थंड हवेची विहीर होई, आणि त्या विहिरीवर सोपे, ओसरी, माजघर यांचा उन्हाळा निघे.

पण आम्ही येथे थोडे थांबू इच्छितो. वाड्याची आठवण काढताना आपण हे विसरतो की तो वाडा सरदार-दरकदारांचा किंवा निदान बऱ्या खात्यापित्या कुटुंबाचा होता. धुणे धुणारी, पाणी भरणारी बाई त्या वाड्यातून संध्याकाळी ज्या घरी परत जात असे, ते घर वाकून शिरावे लागे असे आणि एकाच दाराचे होते. कवेलूंची शाकारणी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी करावी लागे, माकडांनी एक उडी मारली की ती वाया जाई, आणि श्रावणात घरातील सगळी भांडी गळतीखाली मांडलेली असत. उंदीर, विंचू, वाळवी ही तर कुटुंबातलीच मंडळी. स्लॅबने यातून माणसाला सोडवले. स्लॅबवर पापड-कुरडया वाळवता येतात, पुढेमागे मुलाच्या लग्नाच्या वेळी वर एक खोली चढवता येते, आणि ज्याच्या डोक्यावर स्लॅब आहे त्याच्या मुलीची सोयरीक जरा लवकर जमते, हेही खोटे नाही. तेव्हा ज्या माणसाने स्लॅब मागितला त्याने अडाणीपणा केला, असे वातानुकूलित खोलीत बसून म्हणणे आम्हांला शोभणार नाही.

स्लॅबच्या तापावर आपल्या लोकांनीच एक साधा उपाय शोधून काढला होता, तो म्हणजे गच्चीवर झोपणे. सायंकाळी दोन बादल्या पाणी शिंपडावे, मातीचा सुगंध यावा, मग गाद्या पसराव्यात; घर तापले तर तापू द्यावे, आपण त्याच्या डोक्यावर. ज्याचे घर तळमजल्याचे आणि स्वतःचे, त्याला हा उपाय आजही उपलब्ध आहे. पण चार मजली वसाहतीत गच्ची कोणाची? सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही. तेथे पाण्याच्या टाक्या आहेत, केबलच्या तारा आहेत आणि दाराला कुलूप आहे. मावशींच्या इमारतीत त्या कुलपाची किल्ली ज्या गृहस्थांकडे होती ते स्वतः पहिल्या मजल्यावर राहत होते, आणि पहिल्या मजल्यावर, डोक्यावर आणखी तीन मजल्यांची छत्री असल्यामुळे, उन्हाळा इतका वाईट नव्हता.

हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता असे नाही. अहमदाबादेस १९६०च्या दशकाच्या आरंभी चार्ल्स कोरिया यांनी स्वस्त घराचा एक नमुना बांधला होता. बोळासारखे अरुंद आणि लांब घर, वर उतरते छत, आणि छताच्या माथ्याशी फट. गरम हवा छताच्या उतारावरून वर सरकत जाऊन माथ्यातून बाहेर पडे आणि खालून ताजी हवा आत ओढली जाई. यंत्र नाही, वीज नाही. ते घर आज उभे नाही, पण त्यातील विचार कोणत्याही मिस्त्रीला पाच मिनिटांत समजावून सांगता येईल इतका सरळ आहे: गरम हवा वर जाते, तिला वरून वाट द्या. आपल्या नव्या घरांत खिडकीची वरची कड छतापासून दीड-दोन फूट खाली असते; त्या दीड-दोन फुटांत गरम हवा उन्हाळाभर मुक्काम ठोकून बसते. पूर्वी तेथे झरोका असे. तो कोणी आणि का बंद केला, याचे उत्तर आम्हांला कोणत्याही ठेकेदाराने दिले नाही.

दुसरे उदाहरण तर घरचेच आहे. इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी आणि त्यांच्या वास्तुशिल्पा फाउंडेशनने आखलेली ‘अरण्य’ ही वसाहत. दोशींचा जन्म १९२७ साली पुण्याचा. २०१८ मध्ये त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते निवर्तले. अरण्यला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्या शहराचे नाव सातासमुद्रापलीकडे गेले, पण शहरातल्या किती जणांना त्याचे कारण ठाऊक होते, याविषयी आम्हांला शंका आहे. तेथे दुर्बल घटकांना तयार घर न देता सुमारे ३५ चौरस मीटरचा भूखंड, जोते आणि संडास-न्हाणीघराचा गाभा दिला होता. पुढचे घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे उभारावयाचे. मार्गदर्शनासाठी ऐंशी नमुना घरे बांधून दाखवली. उन्हाळ्याच्या दृष्टीने आम्हांला त्यात जे मोलाचे वाटले ते असे: घरे एकमेकांस टेकून ओळीने उभी, त्यामुळे प्रत्येकाच्या दोन भिंती शेजाऱ्याच्या सावलीत, गल्ल्या अरुंद, म्हणून घरांची सावली रस्त्यावर, आणि दारापुढे ओटा. रात्री त्या ओट्यावर खाट टाकणारा माणूस आणि मोकळी रात्र यांच्यामध्ये कोणाकडेही किल्ली नसते. पुढे लोकांनी मजले चढवले, गॅलऱ्या काढल्या, ओट्यांची दुकाने केली. आराखड्याचा कागद बिघडला म्हणून काही तज्ज्ञ हळहळतात. आम्हांला हळहळ वाटत नाही. घर वाढत गेले की खालच्या खोलीला सावली मिळते, आणि सर्वांत वर जो राहतो तो निदान स्वतःच्या गच्चीचा धनी असतो.

परंतु ज्यांची घरे बांधून झाली, त्यांनी काय करावे? आमच्या भगिनी वाचकांना याचेच उत्तर हवे असणार.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना उपाय चुन्याचा. उघडा करडा स्लॅब आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी दोन-तृतीयांशाहून अधिक पिऊन टाकतो. ताजा पांढरा चुना तेवढेच किंवा त्याहून अधिक ऊन परत पाठवतो. घराच्या बांधणीप्रमाणे वरच्या मजल्यावरील खोलीत यामुळे दोन ते पाच अंशांचा फरक पडल्याचे अनुभव ठिकठिकाणी नोंदले गेले आहेत, आणि दोन अंश म्हणजे झोप लागणे व न लागणे यांतील अंतर असू शकते. चुनकळी पिंपात आदल्या दिवशी विरवावी. त्या वेळी पाणी उकळते, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. विरलेला चुना फडक्याने गाळून पातळ करावा, त्यात थोडा सरस किंवा डिंक घालावा म्हणजे पकड येते. गच्ची आधी स्वच्छ झाडून धुवून ओली करावी. पहिला हात उभा, दुसरा आडवा, आणि तोही ऊन उतरल्यावर. भर दुपारी दिलेला चुना ओला राहत नाही आणि पापुद्रे धरतो. दर पावसाळ्यात तो धुऊन जाणार, म्हणून होळीच्या सुमारास दर वर्षी पुन्हा द्यावा लागेल. धुळीनेही त्याचे तेज कमी होते; उन्हाळ्यात एक-दोनदा झाडून-धुऊन घ्यावे. समोरच्या उंच इमारतीतील मंडळी डोळे दिपतात म्हणून कुरकुर करतील, तिकडे थोडे सौम्य दुर्लक्ष करावे.

ज्यांना दरवर्षीची यातायात नको आणि एकदा खर्च करण्याची ऐपत आहे, त्यांनी गुजरातेत रूढ असलेला चिनी मातीच्या फुटक्या पांढऱ्या फरशांचा थर घालावा. दोशींनी अहमदाबादेतील आपल्या ‘संगत’ या कार्यालयाच्या कमानदार छतांवर तोच घातला होता. फरशीच्या दुकानांत तुकडे मातीमोलाने मिळतात. गळतीसाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा करणारच असाल तर त्याने उष्णताही काही अंशी अडते, हे लक्षात असू द्या. गच्चीवर मातीची मडकी उलटी मांडून त्यावर चुन्याचा थर देण्याची जुनी रीत आहे. तीत मडक्यातली कोंडलेली हवा राखण करते. मात्र वजन वाढते, तेव्हा मिस्त्रीचा नव्हे, जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा. बांबू आणि हिरव्या जाळीचा मांडव, किंवा गच्चीच्या कठड्यावरून चढवलेला दोडक्याचा वेल, यांची सावली छतापासून हातभर वर असली म्हणजे खालून वारा खेळतो आणि छत तापतच नाही. थर्माकोलचे पत्रे आतून चिकटवण्याची जी टूम हल्ली निघाली आहे, तिच्यापासून दूर राहावे. ते भडकन पेटतात, आणि त्यांचा धूर विषारी असतो.

खिडक्यांविषयी एकच सांगतो. दिवसा दहाच्या पुढे बंद, रात्री सताड उघड्या. आपण बहुधा नेमके उलट करतो. दिवसा उजेडासाठी उघडतो आणि रात्री चोरांच्या, डासांच्या भयाने लावून घेतो. बारीक जाळी आणि मजबूत गज यांवर केलेला खर्च कूलरवरच्या खर्चाइतकाच उन्हाळ्याचा खर्च आहे. कूलर वापरणाऱ्यांनी समोरची खिडकी बोटभर तरी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत दमटपणा साचून कूलर निरुपयोगी होतो. आणि कूलरचे पाणी म्हणजे येथे नर्मदेचे, विंध्याचा चढ चढवून आणलेले पाणी आहे. उन्हाळ्यात ते नळाला केव्हा आणि किती येते, हे वरच्या मजल्यांवरील गृहिणींना आम्ही सांगावयास नको.

पण गृहिणीने चुना लावावा आणि बांधणाऱ्याने हात झटकावेत, हेही बरोबर नव्हे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. तीत छतातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे: आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमागे १.२ वॅटहून अधिक उष्णता छतातून जाऊ नये. उघड्या स्लॅबमधून याच हिशेबाने तीन वॅटहून अधिक जाते. म्हणजे आपल्या डोक्यावरचे नेहमीचे छत या मर्यादेच्या अडीच पट तरी गळके आहे. पाण्याने नव्हे, उन्हाने. पाण्याने गळले तर आपण ठेकेदाराला धरतो. तेलंगणाने २०२३ साली थंड छतांचे धोरण जाहीर करून २०२८ पर्यंत तीनशे चौरस किलोमीटर छते अशी करण्याचा संकल्प सोडला. मोठ्या आणि सरकारी इमारतींना ते सक्तीचे, लहान खासगी घरांना ऐच्छिक. आमच्या इंदुरात केंद्राच्या योजनेखाली १,०२४ घरांचा जो ‘लाइट हाउस’ प्रकल्प उभा राहिला, त्यात विटांऐवजी पोकळ्या भरलेल्या तयार पॅनेलांच्या भिंती वापरल्या. प्रयोग स्तुत्य आहे. पण भिंतीच्या नव्या तंत्राची जितकी चर्चा झाली तितकी छताची झाली असती, तर आम्हांला अधिक आनंद झाला असता.

ही केवळ सुखसोयीची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी अहमदाबादचा मे २०१० आठवावा. त्या महिन्यात तेथे पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला, आणि नंतरच्या अभ्यासात असे दिसून आले की नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १,३४४ माणसे अधिक दगावली होती. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्म्याशी तोंड देण्याची योजना आखली आणि पुढे झोपडवस्त्यांतील छतांना पांढरा रंग देण्याचे कामही हाती घेतले. दिवसभर तापलेल्या शरीराला निवण्यासाठी रात्र लागते. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना ती सर्वांत अधिक लागते.

मावशींकडे आम्ही यंदा पुन्हा जाऊन आलो. गच्चीच्या किल्लीवरून इमारतीच्या सभेत बरीच वादावादी झाली, असे कळले. वर झोपावयास परवानगी मिळाली नाही, टाक्यांचे पाणी दूषित होईल असा आक्षेप निघाला. परंतु चुना लावण्यास कोणी हरकत घेतली नाही, कारण खर्च वरच्या चार बिऱ्हाडांनीच करावयाचा होता. मावशींच्या मुलाने आणि शेजारच्या दोन मुलांनी रविवारी संध्याकाळी पहिला हात दिला. आम्ही गेलो तेव्हा किल्लीवाले गृहस्थ गच्चीच्या दाराशी उभे राहून, टाकीखालची जागा तेवढी सोडलीत, अशी सूचना करीत होते. मावशी नातवाला खाली पाठवून आणखी सरस मागवीत होत्या; दुसरा हात अजून द्यावयाचा राहिला होता.